हृदयातील छिद्र आणि पक्षाघात: बंद कोणाचे करायचे आणि कोणाचे तसेच राहू द्यायचे

इकोकार्डिओग्राफीच्या अहवालात शेवटच्या ओळींमध्ये 'पीएफओ', म्हणजे हृदयाच्या पडद्यातले एक छिद्र, एवढाच उल्लेख असतो, पण तो वाचल्यावर घरातले वातावरण बदलून जाते. इंदूरमध्ये रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या एखाद्या कुटुंबात पस्तिशीच्या मुलाला अचानक लकवा होतो, एम. वाय. रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात तपासण्या होतात आणि हृदयाला छिद्र असल्याचे कळते. मग पुण्याची आत्या फोनवर सांगते की हल्ली पायातून नळी घालून छिद्र बंद करता येते, तेव्हा एक दिवसही थांबू नका. आणि घरचे डॉक्टर सांगतात की असे छिद्र चार माणसांमागे एकाला असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अशा वेळी कुटुंबाने निर्णय कोणत्या आधारावर घ्यायचा, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो २०२२ मध्ये. हेली बीबर या अमेरिकी मॉडेलला वयाच्या पंचविशीत पक्षाघातासारखी लक्षणे झाली, काही तासांत ती ओसरली, आणि पुढच्या तपासण्यांमध्ये तिच्या हृदयात पीएफओ सापडले. ते नळीद्वारे बंद केल्याचे तिने स्वतःच जाहीरपणे सांगितले. त्याच निवेदनात तिने आणखी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, ज्या बातम्यांच्या मथळ्यांत फारशा आल्या नाहीत: ती गर्भनिरोधक गोळ्या घेत होती, तिला नुकताच कोविड होऊन गेला होता, आणि तिने थोड्याच दिवसांपूर्वी लांबचा विमानप्रवास केला होता. या तीन गोष्टींचा आणि छिद्राचा संबंध काय, ते पुढे येईलच.

पक्षाघात होतो म्हणजे काय होते

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी बंद पडला की त्या भागाचे काम थांबते, आणि त्याच्या ताब्यातला हात, पाय, चेहरा किंवा वाणी लुळी पडते. बहुसंख्य रुग्णांमध्ये रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे असे होते; उरलेल्यांमध्ये रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. या लेखात केवळ गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताचा विचार आहे.

गुठळी येण्याच्या वाटा अनेक आहेत. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचून तिथून तुकडा सुटतो, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबामुळे आणि मधुमेहामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडू लागल्याने हृदयात रक्त साकळते आणि तिथे गुठळी तयार होते. ठोक्यांच्या या अनियमितपणाला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपल्याकडे तरुण रुग्णांच्या बाबतीत या यादीत आणखी काही कारणे घ्यावी लागतात: लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आकुंचन पावलेली हृदयाची झडप, मानेच्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटणे, क्षयाचा मेंदूज्वर, आणि रक्त लवकर गोठण्याचे काही विकार. हे सगळे तपासूनही गुठळीने होणाऱ्या पक्षाघातांपैकी साधारण एक चतुर्थांश प्रकरणांत कारण सापडत नाही. छिद्राचा प्रश्न उभा राहतो तो याच उरलेल्या रुग्णांच्या संदर्भात, आणि वाचकाने ही मर्यादा सुरुवातीपासूनच लक्षात ठेवावी.

हे छिद्र मुळात येते कुठून

गर्भाशयातल्या बाळाची फुप्फुसे श्वास घेत नसतात, कारण त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. नाळेतून आलेले ताजे रक्त फुप्फुसांकडे न जाता थेट मेंदूकडे आणि उरलेल्या शरीराकडे जावे यासाठी निसर्गाने हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक वाट ठेवलेली असते. जन्मानंतर बाळ पहिला श्वास घेते, फुप्फुसे उघडतात, डाव्या कप्प्यातला दाब वाढतो, आणि पडद्याचा एक पापुद्रा दुसऱ्यावर दाबला जाऊन ही वाट बंद होते. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांमध्ये हे दोन पापुद्रे एकमेकांना कायमचे चिकटतात. ज्यांच्यामध्ये ते चिकटत नाहीत, त्यांच्या हृदयात ही वाट आयुष्यभर उघडण्याजोगी राहते, आणि तिलाच पेटंट फोरामेन ओव्हेल, म्हणजे पीएफओ, असे म्हणतात.

जुन्या वाड्यात दोन खोल्यांमधल्या दरवाजाला कडी नसली, तरी वारा कायम एकाच बाजूने येत असेल तर तो चौकटीला टेकून बंदच राहतो. उलट बाजूने झोत आला की मात्र क्षणभर उघडतो. पीएफओचे वर्तन नेमके असेच असते. डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा किंचित जास्त असल्यामुळे पापुद्रा एरवी मिटलेला असतो. आपण जोरात खोकलो, शौचाला कुंथलो किंवा दम रोखून जड वजन उचलले, की उजव्या बाजूचा दाब काही क्षण वाढतो, पापुद्रा उघडतो, आणि उजवीकडचे थोडे रक्त डावीकडे जाते.

अशी माणसे किती असतात, याचा भक्कम पुरावा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या अभ्यासातून मिळतो. तिथे शवविच्छेदनात तपासलेल्या ९६५ सामान्य हृदयांपैकी सुमारे २७ टक्के हृदयांत ही वाट उघडण्याजोगी होती. घरचे डॉक्टर चार माणसांमागे एक म्हणतात ते या आधारावर. यांतली जवळपास सगळी माणसे आपल्याला असे काही आहे हे न कळताच पूर्ण आयुष्य जगतात.

इथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. लहान मुलांच्या बाबतीत आपण 'हृदयाला छिद्र' म्हणतो, तेव्हा ते बहुधा वेगळे असते. वरच्या कप्प्यांमधील पडद्याचा काही भाग तयारच न होणे याला एएसडी म्हणतात, आणि खालच्या कप्प्यांमधील पडद्यात भोक असणे याला व्हीएसडी. या दोन्हींमध्ये वाट सतत उघडी असते, डावीकडचे रक्त सतत उजवीकडे जाते, हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो, आणि म्हणून ती मोठी असतील तर पक्षाघाताची वाट न पाहता बंद करावी लागतात. शेजारच्या मुलीचे छिद्र पाचव्या वर्षी बंद केले म्हणून पस्तिशीतल्या माणसाचे पीएफओही तितक्याच निकडीने बंद करायला हवे, हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही.

पायातली गुठळी मेंदूत कशी पोहोचते

शरीराकडून परतणारे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक असतात की वाटेत आलेल्या लहानसहान गुठळ्या तिथेच अडकतात आणि बहुतेक वेळा विरघळून जातात. गुठळी पायात तयार झाली तरी ती मेंदूपर्यंत जात नाही, याचे कारण ही व्यवस्था. पण नेमकी गुठळी उजव्या कप्प्यात आली असताना माणूस खोकला किंवा त्याने जोर लावला, तर ती उघडलेल्या पापुद्र्यातून डावीकडे जाते, फुप्फुसांची पायरी चुकते, आणि पुढचा ठोका तिला थेट मेंदूकडे पाठवू शकतो. या आडवाटेचे वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ युलियस कोनहाइम यांनी १८७७ मध्येच करून ठेवले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, जिच्याकडे छिद्राच्या चर्चेत दुर्लक्ष होते असे मला वाटते: छिद्र ही केवळ वाट आहे, गुठळी दुसरीकडे तयार व्हावी लागते. हालचाल न करता तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसणे, अंगातले पाणी कमी होणे, मोठी शस्त्रक्रिया, पायाला प्लास्टर, गरोदरपण आणि बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग, कोविडसारखा संसर्ग, रक्त गोठण्याचे आनुवंशिक विकार, या सगळ्या परिस्थितींत पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याची शक्यता वाढते. हेली बीबरच्या निवेदनातल्या तीन गोष्टींचे महत्त्व इथे लक्षात येईल. इंदूरहून पुण्याला रात्रीच्या बसने जाणारे आपल्यापैकी कित्येकजण वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणे थांबवतात आणि सकाळपर्यंत एकाच स्थितीत बसून राहतात. एवढ्याने पक्षाघात होईल असे मुळीच नाही, पण ज्याला एकदा गुठळीचा त्रास होऊन गेला आहे त्याने पाणी पिणे, बस थांबेल तिथे उतरून चालणे आणि बसल्या जागी पोटऱ्यांची हालचाल करणे, या साध्या गोष्टी मनापासून पाळाव्यात.

चौघांत एकाला छिद्र, मग दोष त्याचाच कशावरून?

सगळ्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

पक्षाघात झालेल्या शंभर माणसांची तपासणी केली, तर त्यांच्यापैकी जवळपास पंचवीस जणांमध्ये पीएफओ सापडेल, कारण ते तर कोणत्याही शंभर माणसांत सापडते. ते सापडले एवढ्यावरून तेच कारण आहे असे म्हणता येत नाही. पण १९८८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी तरुण रुग्ण तपासले, तेव्हा पक्षाघात झालेल्यांपैकी ४० टक्क्यांमध्ये पीएफओ आढळले, तर पक्षाघात न झालेल्या तुलनेच्या गटात ते १० टक्क्यांमध्येच आढळले. तरुणांमध्ये, आणि विशेषतः ज्यांच्यामध्ये दुसरे कारण सापडत नाही त्यांच्यामध्ये, छिद्राचा काहीतरी वाटा आहे हा संशय तेव्हापासून बळावत गेला. एकाच्या बाबतीत छिद्र गुन्हेगार आणि दुसऱ्याच्या बाबतीत ते केवळ घटनास्थळी हजर, असे दोन्ही शक्य असल्यामुळे प्रश्न उरला तो या दोघांना वेगळे ओळखण्याचा.

त्यासाठी २०१३ मध्ये 'रोप' नावाची गुणपद्धती तयार झाली. तिच्यात दहापैकी गुण मिळतात, आणि गुण जितके जास्त, तितकी छिद्र हेच कारण असण्याची शक्यता जास्त. रक्तदाब नसेल तर १ गुण, मधुमेह नसेल तर १, पूर्वी पक्षाघात झालेला नसेल तर १, धूम्रपान नसेल तर १, आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराला इजा दिसत असेल तर १. उरलेले गुण वयाचे: तिशीच्या आतल्याला ५, मग प्रत्येक दहा वर्षांमागे एक कमी, आणि सत्तरीला शून्य.

हे दोन उदाहरणांनी पाहू. पहिला रुग्ण ३४ वर्षांचा, त्याला रक्तदाब नाही, मधुमेह नाही, तो विडी-सिगारेट ओढत नाही, हा त्याचा पहिलाच पक्षाघात आहे, आणि इजा मेंदूच्या बाहेरच्या थरात आहे. त्याचे गुण ९ होतात. या पद्धतीच्या अंदाजानुसार अशा रुग्णांमध्ये पक्षाघाताचे कारण छिद्र असण्याची शक्यता ८८ टक्के आहे. दुसरे गृहस्थ ६६ वर्षांचे, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, तेही धूम्रपान करत नाहीत, हा त्यांचाही पहिलाच पक्षाघात आहे, आणि इजा मेंदूच्या खोल भागात, बारीक रक्तवाहिनी बुजल्यासारखी आहे. त्यांचे गुण ३. त्यांच्या पक्षाघाताशी छिद्राचा संबंध असण्याची शक्यता जवळपास शून्य धरली जाते. दोघांच्याही इको अहवालात शब्द तोच असेल, पण पहिल्याला छिद्र बंद करण्याचा विचार सांगणे योग्य, आणि दुसऱ्या गृहस्थांना तो सांगणे म्हणजे त्यांचे लक्ष रक्तदाबावरून आणि साखरेवरून हटवणे.

या गुणांबरोबर छिद्राची रचनाही पाहतात. वाट रुंद असेल, किंवा पडदा सैल असून प्रत्येक ठोक्याला १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक इकडून तिकडे हलत असेल, तर संशय वाढतो. सैल पडद्याच्या या स्थितीला एट्रियल सेप्टल अन्युरिझम म्हणतात, आणि अहवालात हे शब्द असतील तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवावेत.

छिद्र शोधतात कसे

साध्या इकोमध्ये पीएफओ पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून सलाइनमध्ये किंचित हवा घुसळून तयार केलेले अतिसूक्ष्म बुडबुडे हाताच्या शिरेतून सोडतात आणि रुग्णाला दम रोखून जोर लावायला सांगतात. बुडबुडे उजव्या कप्प्यात आल्यानंतर तीन ठोक्यांच्या आत डावीकडे दिसले, तर वाट उघडी आहे असे समजतात. वीसहून अधिक दिसले, तर ती मोठी मानतात. नेमकी रचना कळण्यासाठी घशातून अन्ननलिकेत नळी घालून केलेला इको लागतो. तो थोडा त्रासदायक असतो, पण निर्णय त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे टाळू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छिद्राला दोषी ठरवण्याआधी बाकीच्या कारणांचा शोध पूर्ण झालेला असावा: मेंदूचा एमआरआय, मानेच्या आणि डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण, रक्त गोठण्याच्या चाचण्या, पायांच्या शिरांची डॉपलर, आणि हृदयाच्या ठोक्यांची दीर्घकाळ नोंद. चाळिशी ओलांडलेल्या रुग्णात ही शेवटची तपासणी घाईने उरकली जाते असे मला वाटते. चोवीस तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावलेल्या यंत्राने घेतलेल्या ठोक्यांच्या नोंदीत, न दिसलेले एट्रियल फिब्रिलेशन काही आठवड्यांच्या नोंदीत दिसू शकते, आणि ते दिसले तर उपचाराची दिशाच बदलते.

बंद करण्याचा खरोखर फायदा होतो का?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला बराच काळ गेला, आणि मधल्या काळात वैद्यकशास्त्राने उलट उत्तरही दिले होते. ९०९ रुग्णांवरची 'क्लोजर' ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात छिद्र बंद केलेल्यांना औषधांपेक्षा कोणताही ठोस फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये आलेल्या आणखी दोन चाचण्यांचे मूळ निष्कर्षही निर्णायक ठरले नाहीत. त्या काळात एखाद्या डॉक्टरांनी छिद्र बंद करायला नकार दिला असेल, तर तो उपलब्ध पुराव्याला धरूनच होता.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये एकाच वेळी तीन चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि चित्र पालटले. फ्रान्समधील 'क्लोज' चाचणीत छिद्र बंद केलेल्या २३८ जणांपैकी एकालाही पुन्हा पक्षाघात झाला नाही, तर केवळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या २३५ पैकी १४ जणांना झाला. हा पाठपुरावा सरासरी पाच वर्षांहून थोडा अधिक होता. 'रिड्यूस' चाचणीत हेच प्रमाण १.४ टक्के आणि ५.४ टक्के असे होते. 'रिस्पेक्ट' या ९८० रुग्णांच्या चाचणीत सुमारे सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर धोका ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला. आधीच्या अपयशाची कारणे आता बऱ्यापैकी समजली आहेत: 'क्लोजर'मध्ये वापरलेले उपकरण सदोष ठरून पुढे मागे पडले, पाठपुरावा दोनच वर्षांचा होता, आणि ज्यांच्या पक्षाघाताचे दुसरे कारण असू शकत होते असेही अनेक रुग्ण तिच्यात घेतले गेले होते.

पुढे २०२१ मध्ये सहा चाचण्यांतील ३,७४० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. औषधांवर असलेल्यांमध्ये पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण वर्षाला १.०९ टक्के होते, तर छिद्र बंद केलेल्यांमध्ये ०.४७ टक्के. म्हणजे असे शंभर रुग्ण पाच वर्षे पाहिले, तर केवळ औषधांवर पाच-सहा जणांना आणि छिद्र बंद केल्यावर दोन-तीन जणांना पुन्हा पक्षाघात होईल. धोका निम्म्याहून कमी होतो हे खरे, आणि शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना छिद्र बंद न करता, केवळ औषधांवरही पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात होणार नव्हता हेही खरे. ज्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य आहे त्याच्यासाठी हा फरक साचत जातो, म्हणून वय कमी तितका या उपायाचा अर्थ मोठा.

त्याच अभ्यासात रुग्णांचे तीन गट केले होते. ज्यांच्यामध्ये छिद्र हेच बहुधा कारण होते, त्यांचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाला. ज्यांच्यामध्ये ते कारण असणे केवळ शक्य होते, त्यांचा सुमारे ६० टक्क्यांनी. आणि ज्यांच्यामध्ये ते कारण असण्याची शक्यता कमी होती, त्यांना फायदा दिसलाच नाही. शस्त्र एकच, कारागिरी तीच, तरी परिणाम इतका वेगळा आला तो निवडीमुळे.

प्रत्यक्षात काय करतात

यात छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नावाची बारीक लवचीक नळी उजव्या कप्प्यापर्यंत नेतात, ती पापुद्र्यातून डावीकडे सरकवतात, आणि नळीतून मिटलेल्या अवस्थेत नेलेल्या जाळीच्या दोन तबकड्या पडद्याच्या दोन बाजूंना एकेक करून उघडतात. रुग्णालयात याला कोणी 'बटण' म्हणतात, कोणी 'छत्री'. ही जाळी साधारणपणे निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते, जी दुमडली तरी सोडल्यावर मूळ आकार घेते. काम बहुधा तासाभरात होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. पुढच्या काही महिन्यांत जाळीवर शरीराचेच अस्तर चढते. तोपर्यंत तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या, आणि नंतर दीर्घकाळ एक गोळी घ्यावी लागते. निकेलची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ते आधीच सांगावे. सहा महिन्यांनी बुडबुड्यांची चाचणी पुन्हा करून वाट नीट मिटली की नाही ते पाहतात.

यात धोका काय?

सगळ्यांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. 'रिड्यूस' चाचणीत छिद्र बंद केलेल्यांपैकी ६.६ टक्के रुग्णांमध्ये ते दिसले, तर दुसऱ्या गटात ०.४ टक्क्यांमध्ये. यांतले बरेचसे पहिल्या दीड महिन्यात होऊन थांबते, पण ज्या विकाराने स्वतःच पक्षाघात होऊ शकतो तो या उपचाराने काहींना होतो, ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितली गेलीच पाहिजे. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साचणे, जाळी जागेवरून सरकणे हे धोके क्वचित असले तरी आहेत.

औषधांनीच भागणार नाही का?

काहींचे भागते. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या स्वस्त आहेत आणि धोका कमी करतात. पायात गुठळी सिद्ध झाली असेल किंवा रक्त गोठण्याचा विकार असेल, तर वॉरफॅरिनसारखी अधिक तीव्र औषधे तशीही लागतात. त्यांची दुसरी बाजू रक्तस्रावाची आहे. इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना डिसेंबर २००५ मध्ये सौम्य पक्षाघात झाला, तपासणीत हृदयात लहान छिद्र सापडले, रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू झाली, आणि छिद्र बंद करण्यासाठी ५ जानेवारी २००६ ही तारीख ठरली. आदल्याच रात्री त्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आणि ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. ते ७७ वर्षांचे होते. या वयात छिद्राचा दोष किती आणि औषधाचा धोका किती, यावर तेव्हा जगभरच्या डॉक्टरांमध्ये चर्चा झाली. बहुतेक चाचण्या १८ ते ६० या वयोगटात झाल्या आहेत, आणि साठीनंतर हा निर्णय अपवादात्मक परिस्थितीत, प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करूनच घेतला जातो.

पक्षाघात झालेलाच नाही, तरी आधीच बंद केले तर?

ज्यांना कधीही पक्षाघात झालेला नाही अशांचे पीएफओ केवळ सापडले म्हणून बंद करण्याची शिफारस नाही. देशातल्या एक चतुर्थांश लोकांमध्ये ते आहे आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्यापासून कधी त्रास होणार आहे. अशा सर्वांच्या हृदयात जाळी बसवली, तर टळणाऱ्या पक्षाघातांपेक्षा निर्माण झालेले त्रास जास्त भरतील. अर्धशिशी आणि पीएफओ यांचा काही संबंध दिसतो, परंतु अर्धशिशी थांबावी म्हणून छिद्र बंद करून पाहिलेल्या ब्रिटनमधील 'मिस्ट' चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, ठरवलेला फायदा मिळाला नाही. भावंडांची आणि मुलांची सरसकट तपासणी करण्याचीही गरज नाही.

निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून घ्यायचा असतो. पक्षाघाताचे दुसरे कारण नाही हे पहिल्याने सांगायचे, आणि छिद्र बंद करण्याजोगे आहे हे दुसऱ्याने. माळवा आणि निमाडमधले रुग्ण देवास, धार, खरगोन, खंडवा इथून इंदूरला येतात, आणि अनेकदा एकाच डॉक्टरांना भेटून परत जातात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत विचारण्यात संकोच करू नये. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत. माझ्या पक्षाघाताची बाकीची कारणे तपासून झाली का, रोप गुण किती, वाट किती मोठी आणि पडदा सैल आहे का, ठोक्यांची नोंद किती दिवस घेतली, आणि गोळ्या किती काळ चालतील, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. खर्च लाखांच्या घरात जातो, तेव्हा विमा किंवा सरकारी योजनेत हा उपचार बसतो का हे आधी लेखी विचारून घ्यावे. पक्षाघातानंतर छिद्र बंद करणे हे तातडीचे काम नसते, त्यामुळे तपासण्या पूर्ण करायला काही आठवडे गेले तरी, सांगितलेल्या गोळ्या चालू असतील, तर बिघडत नाही.

जाळी बसवल्यानंतरही रक्तदाब, साखर, तंबाखू आणि वजन यांची काळजी तेवढीच राहते, कारण जाळीने गुठळीची एक वाट बंद होते, बाकीच्या उघड्या असतात. म्हणून चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात वर राहीना किंवा बोलणे अडखळले, तर 'आता छिद्र बंद आहे' असे म्हणून थांबू नये. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि धार किंवा खंडव्याहून निघालेल्या माणसाचा त्यातला मोठा भाग रस्त्यावरच जातो. तेव्हा वाटेत इको करून घेण्यात वेळ न दवडता, जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध आहेत अशाच रुग्णालयात थेट जावे, आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते तिथे पोहोचताच सांगावे.